सैगलची पावणेपाच मिनिटं

डोंबिवलीला नानांच्या घरी वर्षातून दोनदा खिडक्यांचे पडदे ओढले जातात आणि दाराची बेल बंद केली जाते. ११ एप्रिलला आणि १८ जानेवारीला. पहिल्या तारखेला कुंदनलाल सैगल जन्मला, १९०४ साली, जम्मूत. दुसऱ्या तारखेला गेला, १९४७ साली, जालंधरला. दोन्ही दिवशी पोहेच असतात. जयंतीच्या पोह्यांवर ओलं खोबरं असतं, पुण्यतिथीच्या पोह्यांवर नसतं. त्यावरून आज काय आहे ते ओळखायचं.

मंडळ चार माणसांचं. नाना मध्य रेल्वेतून निवृत्त झाले. सैगल उमेदवारीच्या काळात रेल्वेत टाइमकीपर होता, त्यामुळे नाना त्याला ‘आमच्या खात्यातला’ म्हणतात आणि त्याने नोकरी टिकवली नाही याचं त्यांना मनातून वाईटही वाटतं. पेन्शन बसली असती. टायपिंगच्या बाईंनी तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. सैगलने काही काळ रेमिंग्टनचे टाइपरायटर विकले होते, हे कळल्यापासून त्या नानांच्या खात्याला मोजत नाहीत. बुवा भजनी मंडळात पेटी वाजवतात, सैगलही पेटी वाजवत गायचा, म्हणून त्यांना वेगळं नातं सांगावं लागत नाही. चौथा मी. माझी पात्रता एवढीच, की माझ्याकडचा व्हीसीडी प्लेअर अजून चालतो.

वहिनी मंडळाच्या सभासद नाहीत. त्या पोहे देऊन जातात आणि जाताजाता एखादा शेरा मारतात. “याला एवढी सर्दी झाल्येय, तर कुणी वाफ का देत नाही?” हा शेरा त्यांनी पहिल्यांदा मारला तेव्हा नानांनी तीन दिवस अबोला धरला होता, असं वहिनी सांगतात. ते तीन दिवस फार छान गेले, असंही सांगतात.

चार चाहते जमले म्हणजे गाण्यांवर बोलत असतील, असं बाहेरच्याला वाटेल. गाण्यांवर बोलून संपलं. पंधराएक वर्षांची कारकीर्द, त्यात ३६ सिनेमे आणि सुमारे १८५ गाणी असा हिशेब सांगितला जातो. त्यावर पन्नास वर्षं बोलल्यावर उरतं काय? आता आम्ही बोलतो ते कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडीवर. कुठल्या कंपनीने काय काढलं, त्यात काय गाळलं, कुणाची खरखर जास्त चांगली. हो, खरखरीतही चांगली-वाईट असते. पावसासारखी सलग पडणारी चांगली. मधेच पापड मोडल्यासारखी येणारी वाईट.

गाणी रेकॉर्डवर मिळत असताना सिनेमा हवाच कशाला, असं आमचा एक शेजारी विचारायचा. (हल्ली येत नाही.) कारण असं, की त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. गाणं त्याहून मोठं असेल तर छाटायचं. सिनेमात ती अडचण नव्हती. म्हणजे रेडिओवर ऐकून जे गाणं आपण जन्मभर पूर्ण समजत होतो, त्याला सिनेमात आणखी एक अंतरा असू शकतो. रेडिओ सिलोनवर रोज सकाळी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं सैगलचं असायचं. ते संपलं की आठ वाजले. नानांनी नोकरीची उभी हयात त्या गाण्यावर लोकल पकडली. अशा माणसाला वयाच्या साठीत कळलं, की त्यातल्या एका गाण्याला तिसरा अंतरा आहे. त्या दिवशी ते म्हणाले, “म्हणजे मी रोज एक अंतरा आधी घरातून निघत होतो.”

आणखी एक कारण ‘स्ट्रीट सिंगर’. १९३८चा सिनेमा, सोबत काननदेवी. तोवर पार्श्वगायनाची सोय न्यू थिएटर्समध्येच झालेली होती. तरी ‘बाबुल मोरा’ सैगलने रस्त्याने चालत, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायलं आणि वाजवणारे कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरून त्याच्याबरोबर चालत राहिले, असं सांगतात. म्हणजे त्याने गायलं तेव्हाचं गाणं सिनेमातच आहे, रेकॉर्डवरचं वेगळं. बुवांना या प्रसंगात सैगल दिसतच नाही. त्यांना दिसतो तो चौकटीबाहेरचा पेटीवाला. “गळ्यात पेटी अडकवून दिंडीत चालणं वेगळं,” ते म्हणतात. “तिथे सूर हलला तर पांडुरंग सांभाळून घेतो. इथे मायक्रोफोन आहे.”

तर वस्तू हवी, हे ठरलं. ती मिळवणं पुढचं. स्टेशनाजवळच्या एका दुकानात मी ‘देवदास’ मागितला.

“शाहरुखचा?”

“नाही.”

“मग दिलीपकुमारचा. बोला ना तसं.”

“सैगलचा.”

मुलाने मालकाकडे पाहिलं. मालकाने माझ्याकडे पाहिलं. “त्याचापण आला का?” मालक म्हणाला. “कधी?”

“१९३५ साली.”

दिलीपकुमारचा १९५५चा, शाहरुखचा २००२चा. सैगलच्या ‘देवदास’चा कॅमेरा बिमल रॉयनी सांभाळला होता आणि वीस वर्षांनी दिलीपकुमारचा ‘देवदास’ त्याच बिमल रॉयनी दिग्दर्शित केला, हे मी उत्साहाने सांगायला लागलो. मालक म्हणाला, “मग तोच न्या ना. माणूस तोच आहे.” युक्तिवादात खोट काढता आली नाही. शेवटी आतल्या खोक्यातून सैगलचा निघाला. वेष्टनावर चित्र दिलीपकुमारचं होतं.

वेष्टनं हा एक स्वतंत्र विषय आहे. आमच्याकडे एकाच माणसाच्या तबकड्यांवर सैगल, सहगल, सेहगल आणि एका ठिकाणी नुसतंच ‘सिंगर’ असं छापलेलं आहे. बाईंनी त्या सगळ्यांची शुद्धलेखनवार यादी टाइप करून ठेवली आहे. रेमिंग्टनवर.

व्हीसीडीचे दिवस आमच्या मंडळाचे सुगीचे. २००७च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा वडापावाच्या हिशेबात सिनेमे मिळायला लागले. नाना एकेका सिनेमाच्या तीन-तीन कंपन्यांच्या प्रती आणत. तिन्हींत चित्र सारखंच अंधूक असे. तरी कुठल्या अंधारात सैगल जास्त दिसतो यावर दुपार निघे. व्हीसीडीच्या एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं बसतात. ती कुठे संपावीत याला काही धरबंद नाही. एका सिनेमात पहिली तबकडी ऐन गाण्यात संपते. तान पहिल्या तबकडीवर आणि सम दुसरीवर. मधे मी उठायचं, कप्पा उघडायचा, तबकडी फुंकायची, बदलायची. बुवा तेवढा वेळ डोळे मिटून, हात हवेत धरून बसतात. एकदा दुसरी तबकडी अडकली. बुवांचा हात अजून खाली आला नसल्यासारखं मला वाटतं.

मग डीव्हीडी आली आणि तिच्याबरोबर स्वच्छता. एका प्रतीत कुणीतरी फार कष्ट घेऊन चित्र साफ केलं होतं. पडद्यावर सैगल आला, आणि बाई एकदम मागे सरकल्या. सैगलला टक्कल होतं, तो टोप घालून काम करायचा, हे आम्हाला वाचून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कपाळाशी टोपाची कड दिसणं वेगळं. “इतकं घासून पुसायची गरज होती का?” बाई म्हणाल्या. त्यानंतर मंडळात दोन तट पडले. नाना स्वच्छ प्रतीचे, बाई अंधूक प्रतीच्या. नानांच्या जावयाने मोठा चपटा टीव्ही आणला तेव्हा तंटा आपोआप मिटला. जुना सिनेमा जवळपास चौकोनी, हा टीव्ही आडवा. ‘ताणून’ बसवला तर सैगल सुजल्यासारखा दिसतो. ‘झूम’ केला तर वरचा भाग कापला जातो. टोप नेमका त्या भागात असतो. आम्ही झूमवर एकमत केलं.

‘फक्त गाणी’ असा पर्याय डीव्हीडीत असतो. तो वापरावा का, यावर नाना कर्मठ आहेत. “कीर्तनाला जाऊन नुसत्या बुक्क्यासाठी कपाळ पुढे करायचं?” असं विचारतात. सिनेमा पुरा बघायचा, नामावळीपासून. इथे मला माझं मत नोंदवायचं आहे. ‘देवदास’मध्ये सैगल खरोखर चांगला आहे. आजूबाजूला नाटकी फेक चालू असताना हा माणूस शेजाऱ्याशी बोलावं तसा बोलतो. ‘तानसेन’मध्ये खुर्शीद समोर आली की पडद्यात जीव येतो. पण एरवी दोन गाण्यांच्या मधली त्या काळची मंडळी फार सावकाश जगतात. दार उघडायला उठतात ते पाहून आपणच जाऊन उघडावंसं वाटतं. कर्मठ नाना या वेळात झोपतात. पेटीचा पहिला सूर लागला की जागे होतात. पुन्हा ‘मी सगळं बघत होतो’ असं म्हणतात, आणि त्यांना गोष्ट विचारायची नसते.

आता मुख्य प्रकरण. ते ज्या सिनेमाच्या डीव्हीडीवरून घडलं त्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की कंपनी कळेल.

तरुणपणी नाना मॅटिनीला जात तेव्हा डायरीत वेळा लिहून ठेवत. नामावळी सुरू, मध्यंतर, मध्यंतर संपलं, अखेर. असं का करत, विचारलं तर म्हणतात, “मग कळणार कसं?” या सिनेमाची नोंद मध्यंतर वजा जाता बरोबर दोन तासांची होती. नानांनी डीव्हीडीला स्टॉपवॉच लावलं. एक तास पंचावन्न मिनिटं बारा सेकंद. पुन्हा लावलं. तेवढंच. म्हणजे पावणेपाच मिनिटं आणि वर तीन सेकंद गायब. वरचे तीन सेकंद नाना सोडायला तयार होते.

शोध सुरू झाला. हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांचा हिंदी फिल्म गीतकोश म्हणजे आमची घटना. तो मांडीवर घेऊन गाणी ताडली. सगळी होती. अंतरे मोजले. सगळे होते. प्रसंग आठवून पाहिले, म्हणजे मी आठवले, नाना त्या वेळी झोपलेले असणार. ते पण होते. मग गेलं काय? नानांनी कंपनीला पत्र लिहिलं, बाईंनी ते टाइप केलं. ‘गाळलेली पावणेपाच मिनिटं ग्राहकास विनाविलंब पाठवावीत, अन्यथा त्या प्रमाणात पैसे परत करावेत.’ त्या प्रमाणात म्हणजे दीड रुपयाच्या आत-बाहेर. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या पसंतीबद्दल आभार. सोबत नव्या आरत्यांची यादी.

याच सुमारास नाना लताबाईंची गोष्ट सारखी सांगू लागले. लता मंगेशकरांनी हौसेने रेडिओ विकत आणला, लावला, तर सैगल गेल्याची बातमी. त्यांनी तो रेडिओ परत करून टाकला. लताबाईंनी मुलाखतींतून सांगितलेली गोष्ट आहे. आम्ही ती हळहळत ऐकायचो. नानांचा रोख वेगळा होता. “बघा, तेव्हाचे दुकानदार रेडिओ परत घेत होते.”

गाठ सोडवली ती बुवांनी, आणि तीही चुकून. एका दुपारी त्यांनी पेटी आणली, सैगलबरोबर वाजवून बघावं म्हणून. एक पट्टी दाबली, सोडली. दुसरी दाबली, सोडली. कपाळावर आठ्या.

“नाना, हा माझ्या पेटीत नाही.”

“सैगल बेसूर आहे म्हणता?” नाना उठून उभे राहिले.

“बेसूर कसला! सुराला पक्का आहे. पण तो सूर काळी एकच्या वर आहे आणि पांढरी दोनच्या खाली. तिथे पेटीला पट्टीच नसते. आणि घरच्या रेकॉर्डवर हाच माणूस हेच गाणं सरळ काळी एकमध्ये म्हणतो.”

नानांचा नातू इंजिनिअरिंगला आहे. तो कोपऱ्यात मोबाइल बघत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “आजोबा, काही कापलेलं नाहीये. सगळा सिनेमा आहे. फक्त घाईत आहे.”

मग त्याने समजावलं ते असं. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रं या वेगाने धावते. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत पाल. तिला सेकंदाला २५ लागतात. एक चित्र कमी पडतं, ते आणायचं कुठून? सोपा उपाय म्हणजे फिल्मच जरा जोरात पळवायची. सगळ्या जगात पाल पद्धतीत हेच करत आले, यात लबाडी कुणाची नाही. दोन तासांचा सिनेमा चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद आधी संपतो. आणि वेग चार टक्के वाढला की आवाजही तेवढा वर चढतो. शेजारच्या पट्टीपर्यंत पोचत नाही, पण मूळ पट्टीही सोडतो.

खोलीत शांतता. ती नानांनीच मोडली. “म्हणजे स्लो लोकल. सगळ्या स्टेशनांवर थांबली. पण मोटरमनने जरा दाबून काढली.”

“बरोबर.”

“म्हणजे दूरदर्शनवर पाहिला तोही?”

“तोही.”

“व्हीसीडी?”

“बहुतेक सगळ्या.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे ‘देवदास’ बघून आपण दरवर्षी रडलो ते—”

“चार टक्के लवकर रडलो,” बुवा म्हणाले.

नातवाने कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत वेग उतरवून दिला. सैगल खाली आला, आवाजाला वजन आलं, बुवांची पेटी जुळली, स्टॉपवॉच दोन तासांवर थांबलं. मला वाटलं, संपलं. पण नाना खूश दिसेनात. “ही प्रत कुठल्या कंपनीची म्हणायची?” त्यांनी विचारलं. आपल्या नातवाने घरात हळू केलेला सैगल त्यांना पटेना. अधिकृत नाही. वेष्टन नाही, त्यावर चुकीचं छापलेलं नाव नाही. तक्रार करायची तर कुणाकडे? त्यात नातवाने आणखी एक काडी टाकली, की ७८च्या जुन्या रेकॉर्डही सगळ्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी कापलेल्या नसत, थोडंफार इकडेतिकडे असायचं.

“मग खरा सैगल कुठला?” बुवा कळवळून म्हणाले.

“खरा गेला की सत्तेचाळीस साली,” वहिनी पोह्यांच्या बशा उचलत म्हणाल्या.

तेव्हा नातू जे बोलला ते बोलायला नको होतं. तो म्हणाला, अमेरिकेत टीव्हीची पद्धत वेगळी, एनटीएससी. तिथे सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. २४ची ३० करायला फिल्म पळवली तर सगळी माणसं चार्ली चॅप्लिनसारखी धावतील. म्हणून तिथे वेग तोच ठेवून काही चित्रं दोनदा दाखवतात. सूर जागच्या जागी राहतो.

“म्हणजे,” नाना सावकाश म्हणाले, “सैगल अमेरिकेत काळी एकमध्ये गातो.”

बुवांची भाची न्यू जर्सीत असते. एडिसनच्या ओक ट्री रोडवर हिंदुस्थानी वाणसामानाच्या दुकानांतून पूर्वी तुरीची डाळ घेता घेता हिंदी सिनेमांच्या कॅसेट मिळायच्या. तिच्या सासूबाईंनी तिथून आणलेली एक कॅसेट तळघरात होती. सिनेमा तोच. भाचीच्या ओळखीतलं कुणीतरी येणार होतं, त्यांच्या बॅगेतून ती टॉवेलात गुंडाळून आली. आजवर डोंबिवलीहून तिकडे चकल्या गेल्या, मेतकूट गेलं. तिकडून इकडे सैगल पहिल्यांदाच आला. वेष्टनावर त्याचं नाव बरोबर आहे. नानांनी ते तीनदा वाचलं.

मात्र कॅसेट लावायला यंत्र नाही. नानांचा व्हीसीआर २००९ साली भंगारवाल्याने वजनावर नेला. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी उरली होती ती जपानची फुनाई, तिनेही २०१६च्या जुलैत काम थांबवलं. दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर तिथल्या मुलाने कॅसेट हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, “काका, ही चार्ज कुठून करायची?” शिवाय नातवाने बजावून ठेवलं आहे, की अमेरिकेतली कॅसेट इथल्या पाल कॅसेटवरून उतरवलेली असेल, तर तिच्यातही हीच घाई असणार. आत काय आहे ते लावल्याशिवाय कळणार नाही.

१८ जानेवारीला आम्ही ती कॅसेट टीव्हीपुढे ठेवून पोहे खाल्ले. नाना स्टॉपवॉच घेऊन बसले होते.

तर वाचकांना विनंती. ऐंशीच्या दशकात दुबईहून किंवा सिंगापूरहून आणलेला मल्टिसिस्टिम व्हीसीआर, म्हणजे पाल आणि एनटीएससी दोन्ही चालवणारा, कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीत असेल तर या अंकाच्या पत्त्यावर कळवावं. नेण्या-आणण्याचा रिक्षाखर्च नाना देतील. फक्त दोन तासांसाठी हवा आहे. हेड साफ केलेलं असावं. रिमोट नसला तरी चालेल, मी बसतो शेजारी.